वहीतले कोरे रकाने

परवाच्या रविवारी शिवडीच्या जेट्टीवर आपण किती जण होतो, सांगतो. चार. मी, नेहमी येणारे दोघे आणि दिवाळीनंतर नव्याने येऊ लागलेली सहावीतली एक मुलगी. आपल्या याच पक्षिनिरीक्षण मंडळाची हजेरी वडाळा रोड स्टेशनबाहेर घेताना मला एकेकाळी दहा मिनिटं लागायची. दुर्बिणी कमी पडायच्या. एका दुर्बिणीवर तिघे-तिघे आळीपाळीने डोळा लावायचे आणि कोणाची पाळी जास्त लांबली यावरून भांडणं व्हायची. ती भांडणारी मुलं आज कुठे आहेत? बरीचशी इथेच आहेत. कात्रक रोडवर भाजी घेताना दिसतात, फाइव्ह गार्डनला सकाळी चालताना दिसतात. काही जण भक्ती पार्कातल्या उंच इमारतींत राहायला गेले आहेत. आणि मी समोरून येताना दिसलो की त्यातले काही रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जातात.

रस्ता ओलांडणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. गोडीगुलाबीने बोलावणं मला कधी जमलं नाही आणि आता तेवढा वेळही हातात नाही. नीट वाचा.

"सर, वेळच मिळत नाही." ही पहिली सबब, आणि ती मला शाळेतल्या नोकरीपासून पाठ आहे. मंडळाने तुमच्याकडे मागितलं काय होतं? महिन्यातला एक रविवार आणि त्यातले भरतीच्या आधीचे तीन तास. तेही ऑक्टोबर ते मे, कारण पावसाळ्यात रोहित, म्हणजे तुमचे फ्लेमिंगो, बहुतेक गेलेले असतात आणि थंडीचे पाहुणे आलेले नसतात. आठ महिने, आठ रविवार, प्रत्येकी तीन तास. चोवीस तास झाले. वर्षाच्या ३६५ दिवसांतला एक दिवस मागितला होता आणि तो तुम्हाला जड झाला.

आषाढी एकादशीला आपल्या विठ्ठल मंदिराच्या रांगेत तुम्ही पहाटेपासून उभे असता. पावसात उभे असता, पोराला खांद्यावर घेऊन उभे असता. मीही त्याच रांगेत असतो, म्हणून सांगू शकतो. तिथे कोणी म्हणत नाही की गेल्या वर्षी दर्शन झालंय, यंदा नको. ज्या माणसाला तो नेम पाळता येतो त्याला नेम म्हणजे काय हे पुरतं कळलेलं असतं. म्हणून खाडीवरचा नेम मोडताना तुम्हाला काही कळत नव्हतं, असं मी मानणार नाही.

आता वहीकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

आपली नोंदवही तुमच्या हाताखालून गेलेली आहे. तारीख, वार, तिथी, भरतीची वेळ, कुठे उभे होतो, किती वेळ, जात, संख्या, मोजणाऱ्याची सही. पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं होतं की एखादा पक्षी दिसला नाही तर रकान्यात शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही. तेव्हा तुमच्यातल्या एकीने विचारलं होतं की दिसला नाही ते लिहायचं कशाला. प्रश्न चांगला होता, म्हणून उत्तर पुन्हा देतो. शून्य म्हणजे आपण तिथे गेलो, तीन तास उभे राहिलो, चिखल इथून तिथवर दुर्बिणीने पिंजून काढला आणि तो पक्षी नव्हता. मोकळा रकाना म्हणजे कोणी गेलंच नाही. शून्यावरून पुढच्या माणसाला काहीतरी ठरवता येतं, मोकळ्या रकान्यावरून काहीही ठरवता येत नाही. शून्य लिहायलासुद्धा तिथे उभं राहावं लागतं.

शिवडी ते न्हावा-शेवा पुलाचं काम २०१८ मध्ये सुरू झालं. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू म्हणून त्याचं उद्घाटन झालं. जवळजवळ २२ किलोमीटरचा पूल, आणि त्याचं या बाजूचं टोक आपल्या चिखलावर. खांब उभे राहत होते, यंत्रं धडधडत होती, उजेड रात्रभर असायचा. त्या आवाजाने कोणता पक्षी हलला, कोणता तिथेच टिकला, कोणता दोन हिवाळ्यांनी परत आला, हे टिपण्याची संधी आपल्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करत होते, ते त्यांचं काम. पण दर महिन्याला, त्याच जागेवरून, त्याच पद्धतीने बघणारे शेजारी फक्त आपण होतो. आणि नेमक्या त्या वर्षांत तुम्ही एकेक करून यायचे थांबलात. टाळेबंदीचे महिने मी धरत नाही. बाकीच्या महिन्यांचं काय? जेट्टीवर जाता येत नव्हतं तेव्हा शिवडीच्या किल्ल्यावरून बघता येत होतं. एकट्याने मी जमेल तेवढं बघितलं. एका माणसाच्या नोंदीला किती अर्थ असतो हे तुम्हाला शिकवलेलं आहे.

आज कॉलेजातली मुलं येतात आणि विचारतात, "सर, पूल झाल्यामुळे इथले पक्षी कमी झाले का?" मी वही उघडतो. पानंच्या पानं कोरी. त्या मुलांसमोर मला मान खाली घालावी लागते. त्या कोऱ्या पानांवर तुमची नावं लिहिलेली नाहीत, पण मला वाचता येतात.

मे २०२४ मध्ये घाटकोपरवर विमानाची धडक बसून ३९ रोहित मेले. दुसऱ्या दिवशी माझा फोन तुमच्या संदेशांनी भरून गेला. "सर, फार वाईट वाटलं." "सर, बघवत नाही." वाईट मलाही वाटलं, रात्री झोप लागली नाही. पण त्या आठवड्यात खाडीच्या या काठावर रोहित किती होते? संध्याकाळी कोणत्या दिशेने उठत होते? अंधार पडल्यावर उडत होते का? हे सांगू शकेल असा तुमच्यात एकही नव्हता. हळहळ व्यक्त करायला तुम्ही सगळे हजर होतात आणि मोजायला कोणी नव्हतं. त्या दिवशी मी तुमच्यापैकी एकालाही उत्तर पाठवलं नाही. का पाठवलं नाही ते आज सांगितलं.

ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधल्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं. २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. शिवडीचा चिखल त्या हद्दीत येत नाही. इथे पाटी नाही, रक्षक नाही. इथल्या पक्ष्यांच्या बाजूने उद्या कोणाला काही बोलायचं झालं तर हातात काय असेल? ती एक वही. म्हणून सांगतो, ती कोरी ठेवण्याचा तुम्हाला अधिकार नव्हता.

तुमच्यातले काही म्हणतील, "सर, आम्ही छंद कुठे सोडलाय?" तुम्हालाही ओळखतो. तुम्ही मोठमोठ्या लेन्स घेतल्यात. भरतपूरला जाता, लडाखला जाता, कोणी केनियापर्यंत जाऊन आला. फोटो सुरेख आहेत, मी बघतो. पण तुमच्या घरापासून एका स्टेशनावर असलेल्या चिखलात शेकाट्या किती उतरले, हे तुम्हाला ठाऊक नाही. दुर्मीळ पक्ष्यामागे दोन हजार किलोमीटर जाणारा माणूस आणि रोजचा पक्षी दर महिन्याला मोजणारा माणूस, या दोघांत अवघड काम दुसऱ्याचं आहे. पहिल्याला पक्ष्याचं नवेपण ओढून नेतं. दुसऱ्याला फक्त त्याचा शब्द ओढून नेतो. तुम्ही शब्द दिला होतात.

आणि आपल्या हौशी कामाची किंमत तुम्हाला कळलेलीच नाही, म्हणून थोडा इतिहास ऐका. १५ सप्टेंबर १८८३ ला भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयात आठ जण जमले. त्यात दोघे आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही डॉक्टर, दिवसभर रोगी तपासणारे. जमण्याचं कारण एवढंच, की निसर्गातलं जे पाहिलं ते एकमेकांना सांगावं, जमवलेले नमुने दाखवावेत. छंदिष्टांचं मंडळ होतं ते. तेच पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी झालं. त्या आठांनीही रोगी आहेत, घरी कामं आहेत, पुढच्या खेपेला बघू, असं म्हटलं असतं तर? बऱ्याच वर्षांनी एक शाळकरी मुलगा छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन त्याच संस्थेच्या दारात गेला. ही कोणती, हे त्याच्या घरात कोणाला सांगता येत नव्हतं. तिथले मानद सचिव मिलर्ड यांनी त्याला हाकललं नाही. पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. तो मुलगा सालिम अली. त्या दिवशी दाराशी माणूस होता म्हणून पुढचं सगळं घडलं.

आपल्या दाराशी आता कोण आहे? त्या सहावीतल्या मुलीचं सांगतो.

परवा भरती चढत होती. पाणी पुढे सरकलं तसे पक्षीही काठाकडे सरकले, तुम्हाला आठवत असेल ती घटका. लांबवर गुलाबी रेघ वाटणारा थवा बघता बघता मोठा झाला. लहान रोहित आणि मोठा रोहित तिने स्वतःच वेगळे केले. लहानाची चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. चोच पाण्यात उलटी धरून ते शेवाळ कसं गाळून खातात, ते मी सांगायच्या आत तिने वर्णन केलं. मग तिने काठाजवळच्या बारक्या, तपकिरी, चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या घोळक्याकडे बोट केलं आणि विचारलं, "सर, यातले चिखल्या कोणते आणि टिलवे कोणते?"

हा धडा तुम्हाला मी तीन हिवाळे घोटून शिकवला होता. रंगावर जाऊ नका, चालीवर जा. चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, बघतो आणि मग टोचतो. त्याला भक्ष्य डोळ्यांनी शोधायचं असतं. टिलवा मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखा टोचत पुढे जातो, कारण बरंचसं काम त्याची चोच करते. दुर्बिणीतून एकदा ही चाल दिसली की आयुष्यभर चूक होत नाही. मी तिला हे सगळं सांगितलं. पण प्रत्यक्ष दाखवता आलं नाही. माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा गेला आहे आणि डाव्याने आता लांबवरचे ठिपके फक्त ठिपके दिसतात. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने वहीत रकान्यात लिहिलं, "छोटे पक्षी, ओळखता आले नाहीत." बरोबर लिहिलं. माहीत नसेल तर अंदाज ठोकायचा नाही, हा आपला नियम. पण तुमच्यापैकी निदान वीस जणांना ते पक्षी ओळखता आले असते, आणि ते वीस जण त्या वेळी घरी चहा पीत होते.

तुमच्या डोळ्यांत जी नजर आहे ती तुम्ही विकत घेतलेली नाही. मला ती माझ्या आधीच्या माणसांनी जेट्टीवर उभं करून दिली, मी तुम्हाला दिली. ती पुढे द्यायची असते. तुम्ही ती स्वतःजवळ ठेवून घरी बसलात. दुसऱ्याची ठेव आपली समजून वापरणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. तो शब्द मी लिहीत नाही.

मोजणीचंही तेच झालं आहे. थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजायचे, त्या दहांनी व्यापलेली जागा नजरेत धरायची, मग तेवढे तुकडे थव्यात किती बसतात ते बघायचं. तिघांनी वेगवेगळं मोजायचं आणि लिहून होईपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचा नाही. मग तीन आकडे शेजारी मांडायचे. आता माझे डोळे धरता येत नाहीत आणि ती मुलगी अजून शिकते आहे. राहिले दोन. दोन आकड्यांत पाचशेचा फरक पडला तर तिसरा कोणाला विचारू?

२०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. तो कोणाच्या जोरावर तयार झाला? तीस हजारांवर हौशी निरीक्षकांच्या तीन कोटींच्या आसपास नोंदींच्या जोरावर. शिक्षक, कारकून, डॉक्टर, निवृत्त माणसं, शाळेतली मुलं. त्यात ९४२ जातींचा विचार झाला, पण पंचवीस-तीस वर्षांत काय बदललं हे ठामपणे सांगता आलं फक्त ३३८ जातींबद्दल, आणि त्यातल्या ६० टक्के घटलेल्या निघाल्या. बाकीच्या सहाशे जातींचं काय? जुन्या नोंदी पुरेशा नाहीत, म्हणून सांगता येत नाही. हे सहाशे मोकळे रकाने देशभरातल्या तुमच्यासारख्यांनी सोडलेले आहेत. कोणी तरी कधी तरी म्हणालं होतं, या महिन्यात जमणार नाही. तुम्ही घरी म्हणता, "हल्ली चिमण्या दिसत नाहीत हो." कुठे दिसत नाहीत? कधीपासून? आधी किती होत्या? लिहिलं असतंत तर तुमच्या हळहळीला वजन आलं असतं.

जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते. १९८७ पासून चालत आली आहे, आणि ती मुख्यतः स्वयंसेवकांच्या जिवावर चालते. आपल्या मंडळाने तिच्यात कधी खंड पडू दिला नव्हता. यंदा मी खंड पडू देणार नाही, आणि तुम्हीही देणार नाही.

आता तुमच्यातल्या त्या गटाशी बोलतो ज्यांना यावंसं वाटतं पण येववत नाही. "इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने येऊ, सगळे काय म्हणतील, माझं सगळं विसरलंय." हे मला दोघातिघांनी मध्यस्थामार्फत कळवलं. ऐका. जेट्टीवर उभं राहिल्यावर सगळ्यांची तोंडं पाण्याकडे असतात. तुमच्या तोंडाकडे बघायला तिथे कोणाला सवड नाही. विसरला असाल तर त्या मुलीशेजारी बसा आणि पहिल्यापासून शिका. तिला लाज वाटत नाही, तुम्हाला का वाटावी? संकोच, संकोच म्हणून ज्याला कुरवाळता तो निव्वळ ताठा आहे. तो घरी ठेवून या.

एकाशी मात्र वेगळं बोलायचं आहे. तुला कळेल की हे तुला आहे. त्या वर्षी तू रोहितांचा आकडा न मोजता लिहिलास. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलास. मी पकडलं, आणि सगळ्यांसमोर तुझं पान फाडून खाडीत टाकलं. पुढच्या रविवारी तू आला नाहीस, त्यानंतर कधीच नाही. आकडा उतरवणं ही चूक होती आणि ती मी आजही चूकच म्हणेन. पण पान फाडणं हीसुद्धा चूक होती आणि ती माझी होती. चौदा वर्षांच्या मुलाला मी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. इतकी वर्षं मी तुझ्या घरावरून जातो आणि जिना चढत नाही. माफी मागतो. तुझ्या त्या चुकीआधीची दोन वर्षांची पानं माझ्याजवळ आहेत. इतकी स्वच्छ, इतकी चोख नोंद या मंडळात दुसऱ्या कोणी केलेली नाही. तुतवार, टिलवा, चिखल्या, सुरय, प्रत्येकाचा रकाना भरलेला, आणि जिथे पक्षी नाही तिथे गोल, ठसठशीत शून्य. त्या मुलीला वही कशी लिहायची हे शिकवताना मी तुझीच पानं दाखवतो. तिने विचारलं, हे कोण होते. मी म्हटलं, येतील, भेटशील.

तेव्हा तू ये. बाकीच्यांनाही तेच सांगतो. जानेवारीचा तिसरा रविवार. वडाळा रोडच्या तिकीटखिडकीपाशी भरतीच्या साडेतीन तास आधी जमायचं, तिथून एक स्टेशन शिवडी. टोपी, पाण्याची बाटली, वही, पेन्सिल. पेन नको, दमट हवेत शाई फुटते. दुर्बीण नसेल तर माझ्या कपाटात पाच पडून आहेत, त्यातली एकही मी कोणाला दिलेली नाही. भडक रंगाचे कपडे घालून आलात तर परत पाठवीन. मुलांना आणा, पण त्यांच्या हातात फोन देऊ नका.

भरतीची वेळ मात्र मी कोणाला कळवणार नाही. कोळ्यांचा हिशेब तुम्हाला शिकवलेला आहे. तिथी भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहिलेली आहे. पाऊणने गुणा.